आत्यांची पहिली संक्रांत

लग्न होऊन मी पिंपरीत आले तेव्हा संक्रांत दोन महिन्यांवर आली होती, आणि माझ्या मनाला एकच घोर लागला होता. सासरचे लोक मला हलव्याचे दागिने करतील की नाही?

नवी खोली होती, नवा स्टोव्ह होता, नवा नवरा होता आणि त्याच्या कंपनीच्या पाळ्या होत्या. काळजी करायला बाकी पुष्कळ होतं. पण माझं माहेर चिंचवड गावातलं. तिथे आमच्या आळीत दर संक्रांतीला कोणाची ना कोणाची नवी सून काळी चंद्रकळा नेसून, डोक्यापासून कमरेपर्यंत पांढऱ्याशुभ्र हलव्याने मढून पाटावर बसायची. आम्ही पोरी तिच्याभोवती माशांसारख्या घोंघावायचो. एकीने तर एका नवरीच्या बाजूबंदाचा दाणा जिभेने चाटून पाहिला आणि सगळ्यांसमोर पाठीत धपाटा खाल्ला. आपलं लग्न होईल तेव्हा आपणही अशाच पाटावर बसायचं, हे मी नवरा कसा असावा हे ठरवायच्या कितीतरी आधी ठरवलं होतं.

सासर मात्र चाकणजवळच्या एका खेड्यातलं. कांदा, बाजरी, भुईमूग. दुष्काळ सरून विहिरींना नुकतंच पाणी आलं होतं. त्यांच्याकडे संक्रांत म्हणजे वाणवसा, सुगडं आणि पोटभर जेवण. साखरेचे दागिने त्या गावात कोणी पाहिलेही नव्हते. माझा नवरा कंपनीत लागला म्हणून आम्ही पिंपरीत एका बैठ्या चाळीत राहत होतो. एका ओळीत खोल्या, पुढे लांबच्या लांब सामाईक ओटा आणि टोकाला नळ. मधल्या भिंती पत्र्यापर्यंत पोचलेल्या नव्हत्या, त्यामुळे एका घरात फोडणी बसली की चार घरांत ठसका लागायचा.

आमच्याकडे माझी धाकटी नणंद राहायला होती. सोळा वर्षांची, आणि पिंपरी कॅम्पात शिवणक्लासला जायची. तिच्याजवळ मी एकदा हळूच माझ्या मनातलं बोलले. तिच्या पोटात काही राहत नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

संक्रांतीला आठवडा राहिला असताना सासूबाई गावाहून आल्या. त्यांच्या गावात सुना सासूला आत्या म्हणतात, म्हणून मीही आत्याच म्हणायचे. उंच, काटक बाई. आवाज असा की या बांधावरून बोललं तर पलीकडच्या बांधावरचा माणूस वळून बघेल. "पोरीचं पयलं वरीस हाय, सण दाखवाया पायजे," म्हणून त्या आल्या होत्या. मामंजी बैलांसाठी मागे राहिले होते. भोगीला शेतातली भाजी घेऊन ते येणार होते.

त्याच रात्री जेवताना नणंद म्हणाली, "आई, वहिनीला हलव्याचे दागिने पायजेत."

मी हातातला घास ताटात परत ठेवला. नवऱ्याने एकदम पत्र्याकडे बघायला सुरुवात केली.

"कसलं दागिनं?" आत्या म्हणाल्या.

"साखरेचे गं. हार, बांगड्या, नथ. सगळं साखरेच्या दाण्यांचं."

"साखर अंगावर घालायची?" आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मुंग्या न्हाई व्हय लागत?"

"नाही लागत," मी ताटाकडे बघत म्हणाले.

"आमच्यात न्हाई बाई असलं काई. आन् करनार कोन?"

तेवढ्यात भिंतीवरून आवाज आला, "मी शिकवते की! सकाळी लवकर या, शेगडी पेटवून ठेवते!"

त्या शेजारच्या काकू. कोकणातल्या. त्यांच्या हलव्याचं चाळीत मोठं नाव होतं. आमचं बोलणं त्यांनी पहिल्या शब्दापासून ऐकलं होतं आणि आमच्यापासून ते लपवायची त्यांना गरज वाटली नव्हती. आत्यांनी भिंतीकडे पाहिलं, पत्र्याकडे पाहिलं आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. म्हणजे नाही असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

मला इतका आनंद झाला की भांडी घासून झाल्यावर नणंद "वहिनी, हात दे" म्हणाली तर मी दोन्ही हात पुढे केले. तिने कॅम्पातल्या बांगडीवाल्याकडून दोन बाटल्या आणल्या होत्या. एक डाळिंबी नेलपॉलिश आणि एक मोतिया. आधी तिने माझी सगळी नखं डाळिंबी केली. मग आगपेटीच्या काडीचं टोक दातांनी टोकदार केलं, मोतिया रंगात बुडवलं आणि प्रत्येक नखावर बारीक बारीक ठिपके दिले. क्लासमधल्या एका सिंधी मुलीने तिला ते शिकवलं होतं. नखावर नख ठेवून पाहिलं तर डाळिंबाच्या दाण्यांवर हलवा सांडल्यासारखं दिसत होतं. मी झोपतानाही हात पांघरुणाबाहेर ठेवले.

सकाळी आम्ही तिघी काकूंकडे गेलो. थंडी अशी की नळाचं पाणी चावत होतं. काकूंनी शेगडीत कोळसे फुलवून वर राख पसरली होती आणि त्यावर परात ठेवली होती. परातीत खसखस. बाजूला पातेलीत साखरेचा पाक. दूध घालून मळी काढलेला, पाण्यासारखा नितळ.

"हे बघ," काकू मला म्हणाल्या, "चमचा चमचा पाक घालायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे फिरवत राहायचं. फिरवत राहायचं म्हणजे राहायचंच. घाई करणाऱ्याला हलवा काटा देत नाही. बस, हात घाल."

मी हात पुढे केला आणि काकू किंचाळल्या.

"अगो, ही काय नखं! या रंगाचा हात परातीत? टवका उडाला आणि कोणाच्या पोटात गेला म्हणजे?"

मग तो रंग काढायची धावपळ सुरू झाली. लिंबू चोळलं. काही झालं नाही. नारळाची शेंडी घेऊन घासलं. ठिपके आणखीच चकाकायला लागले. कोणीतरी घासलेट सुचवलं. घासलेटानेही रंग हलला नाही, पण आता माझ्या हातांना असा वास मारायला लागला की काकूंनी मला शेगडीपासून हातभर लांब बसवलं. नणंदेची क्लासची वेळ झाली होती, आणि तिचीही नखं तशीच होती. काकूंना दुपारपाळीचा डबा करायचा होता.

सगळ्यांच्या नजरा आत्यांकडे गेल्या. त्या दाराशी उकिडव्या बसून बघत होत्या.

"मी न्हाई," आत्या म्हणाल्या. "मला ह्यातलं काय कळतंय?"

"डबा होईपर्यंत बसा जरा," काकू म्हणाल्या. "चटके बसतील हां."

आत्यांनी परातीत हात घातला. जन्मभर तव्यावरची भाकरी हातांनी उलटलेल्या त्या बोटांना चटका कसला बसतो! त्या दाणे फिरवू लागल्या. पाक घातला की दाणे एकमेकांना चिकटायचे, मग बोटांखाली हळूहळू सुटे व्हायचे. आधी आत्या ताठ बसल्या होत्या. मग परातीवर जरा वाकल्या. मग पाऊस पडून गेल्यावर पेरलेल्या रानाकडे बघावं तशा त्या दाण्यांकडे बघू लागल्या.

"येऊ द्या, येऊ द्या," असं त्या पुटपुटत होत्या. "सावकाश येऊ द्या."

काकूंचा डबा झाला, काका कामावर गेले, मी आमच्याकडचं पिठलं-भात करून आले, तरी आत्या उठल्या नव्हत्या. दुपारचा भोंगा झाला आणि त्यानंतर थोड्याच वेळाने साऱ्या चाळीला ऐकू जाईल अशी आरोळी आली.

"काटं आलं! अगं पोरींनो, काटं आलं!"

आपलं काम टाकून सगळ्या खोल्यांमधून बायका धावत आल्या. कोणाच्या तरी पायात काटा गेला असं त्यांना वाटलं होतं. एकजण तर सुई आणि चिमटा घेऊन आली होती. आत्यांनी तळहातावर चार दाणे घेतले होते. पांढरे, टपोरे, अंगभर बारीक बारीक काटे आलेले. "बगा," त्या म्हणाल्या, "बाजरीच्या कणसावर कूस येती का न्हाई, तसं!"

काकूंनी एक दाणा उजेडात धरून पाहिला. "पहिल्या खेपेला मला एवढे आले नव्हते हो," त्या म्हणाल्या. आत्यांनी पदर तोंडाला लावला, पण हसू पदरात मावत नव्हतं.

झालं. त्या दिवसापासून आत्या आमच्या राहिल्या नाहीत. पहाटे आंघोळ करून त्या काकूंच्या शेगडीपाशी बसायच्या ते दुपारी उठायच्या. खसखशीचा झाला, तिळाचा केला. तिळाचा झाला, साबुदाण्याचा केला. मग म्हणाल्या, "लवंग घालून बगू का?" लवंगेवरही काटे आले. स्वयंपाक माझ्या गळ्यात पडला होता आणि मला जेमतेम तीन पदार्थ येत होते. नवरा पाळीवरून आला की विचारायचा, "आई कुठंय?" मी सांगायचे, "काट्यांपाशी." तो मुकाट्याने पिठलं-भात जेवायचा.

दुपारी नणंद क्लासहून आली की दागिन्यांचा कारखाना सुरू व्हायचा. हलव्याला सुईने भोक पाडता येत नाही, दाणा फुटतो. तो दोऱ्याच्या फासात बसवायचा, गाठ ओढायची आणि पुढचा घ्यायचा. कितीदा तरी गाठ सुटायची आणि दाणे खोलीभर उड्या मारत जायचे. मग आम्ही दोघी पलंगाखाली पालथ्या पडून ते गोळा करायचो आणि हसत हसत तिथेच लोळायचो. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीमागचा पुठ्ठा कापून, त्यावर सोनेरी कागद चिकटवून बाजूबंद आणि कमरपट्टा केला. नथीसाठी तार हवी होती. ती नवऱ्याने भंगारवाल्याकडून आणली. केसांसारखी बारीक, तांब्याची. नणंदेने तिचा असा काही वेढा दिला की मूळची सोन्याचीच वाटावी.

मुकुट मात्र तिला जमेना. पहिला मुकुट नवऱ्याच्या कंपनीच्या गेटच्या कमानीसारखा झाला. तो डोक्यावर ठेवून पाहिला तर नवरा म्हणाला, "वर कंपनीचं नाव लिहा आणि खाली वॉचमन बसवा." नणंदेने तो त्याच्या पाठीवर फेकून मारला. दुसरा मुकुट छान झाला. मधे मोठ्या साबुदाण्याच्या हलव्याचं फूल, दोन्ही बाजूंना उतरत जाणाऱ्या पाकळ्या आणि कडेला लवंगांची झालर.

भोगीच्या दिवशी आम्ही मामंजींची वाट बघत होतो. त्यांची भाजी येईल म्हणून आम्ही बाजारात गेलो नाही. दुपार कलली तरी ते आले नाहीत. "बैल आडवा झाला आसंल, न्हाई तर यष्टी चुकली आसंल," आत्या म्हणाल्या आणि त्यांनी मला काकूंकडून घेवडा, सोलाणे आणि दोन गाजरं आणायला पिटाळलं. त्यात तिळाचं कूट घालून केलेली ती भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. त्यावर लोण्याचा गोळा. आम्ही बोटं चाटत जेवलो.

संक्रांतीला गुळपोळी माझ्याकडे होती. पहिल्या पोळीतला गूळ तव्यावर वाहिला. दुसरीतलाही. तिसरी तव्याला अशी चिकटली की ती उलथण्याने नव्हे, खुरप्याने काढावी लागली असती. आत्यांनी मला बाजूला सारलं. "गुळात भाजलेलं बेसन घाल जरा. मंग त्यो पळत न्हाई. आन् दोन पाऱ्या लाटून मधी गूळ ठेव. कडा दाबून टाक. कोन इचारनार हाय तुला, कशी केली म्हनून?" त्यानंतरच्या सगळ्या पोळ्या टम्म, खुसखुशीत झाल्या. आजही मी तशाच करते आणि अजून कोणी विचारलेलं नाही.

चार वाजता बायका हळदीकुंकवाला येणार होत्या. मी काळी साडी नेसले आणि नणंदेने मला एकेक दागिना चढवला. हार, बांगड्या, बाजूबंद, कमरपट्टा, नथ, बिंदी. हलव्याचे काटे मानेला टोचत होते, गुदगुल्याही होत होत्या. भिंतीवरच्या छोट्या आरशात मी सगळी मावेना, म्हणून नणंद आरसा हातात घेऊन वर-खाली करत होती आणि मी तुकड्यातुकड्यांनी स्वतःला बघत होते.

मुकुट तेवढा राहिला होता. मी वळून पाहिलं तर तो आत्यांच्या हातात होता. त्या खिडकीपाशी उभ्या राहून तो उजेडात फिरवत होत्या. एका बोटाने लवंगांची झालर हलवत होत्या.

"आत्या," मी विचारलं, "तुमच्या पहिल्या संक्रांतीला काय केलं होतं?"

"माज्या?" त्यांना आठवायला वेळ लागला. "कांदं काढत हुतो आमी. परकर नेसत हुते की गं तवा. सासू म्हनाली, संकरात हाय, आज लौकर घरी या. पर कांदं उरकलं न्हाईत." त्या हसल्या. "मंग आंधारातच सुगडं पुजली."

त्यांनी मुकुट माझ्या डोक्यावर ठेवायला हात वर केले. मला काय झालं कोण जाणे. मी त्यांचे हात धरले आणि मुकुट त्यांच्याच डोक्यावर ठेवला.

"आगं! काय करतीस!"

"छान दिसतोय," मी म्हणाले, आणि तो खरंच छान दिसत होता. पिकायला लागलेल्या त्यांच्या केसांवर तो पांढरा मुकुट असा बसला होता की आम्ही माप त्यांचंच घेतलं होतं जणू.

नणंदेने टाळी वाजवली आणि भिंतीकडे तोंड करून ओरडली, "काकूऽऽ, तुमची चंद्रकळा आहे का?"

"आणते!" पलीकडून उत्तर आलं.

आत्या नको नको म्हणत होत्या, पण ज्या आवाजाने त्या बैल वळवायच्या तो आवाज काही त्या नको म्हणण्यात नव्हता. काकूंनी त्यांना चंद्रकळा नेसवली. मी माझी नथ काढली, बाजूबंद काढले, कमरपट्टा काढला आणि त्यांना घातला. माझ्याकडे हार, बांगड्या आणि बिंदी उरली. मग नणंद बाटल्या घेऊन बसली.

"ते न्हाई हां," आत्या म्हणाल्या. "नखं रंगवनार न्हाई मी."

"आई, एकच बोट."

एका बोटाचा हात झाला, एका हाताचे दोन. आत्यांची नखं रुंद, हळदीने पिवळी पडलेली. एक विळ्याने कधीतरी चिरलं होतं ते तसंच दुभंगून वाढलेलं. नणंदेने त्या दुभंगलेल्या नखावर दोन्ही बाजूंना सारखे ठिपके दिले, तर ते पानासारखं दिसायला लागलं. रंग वाळेपर्यंत हात लावायचा नाही कशाला, असा हुकूम झाला. आत्या बोटं फाकून, हात पुढे धरून बसल्या. त्यांना नुसतं बसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. क्षणभर त्या ऐटीत बसल्या आणि मग कळवळून म्हणाल्या, "अगं माजं नाक खाजतंय!"

मी त्यांचं नाक खाजवलं. "वर. आनखी वर. नथीखाली गं!" काकूंना हसून हसून ठसका लागला. नणंद जमिनीवर बसली होती ती आडवीच झाली.

बायका यायला लागल्या तेव्हा आम्ही दोघी शेजारी शेजारी पाटांवर बसलो होतो. मराठवाड्याकडच्या एक ताई दारातच थबकल्या. "नवी नवरी कोणती म्हणायची?"

"या वर्षी दोन आहेत," काकू म्हणाल्या. "दोघींनाही कुंकू लावा."

तिळगूळ वाटून झाला, वाण लुटून झालं. मग नाव घ्यायची वेळ आली. मी माहेरी पाठ केलेला उखाणा घडाघडा म्हटला. बायकांना त्यात रस नव्हता. त्यांना आत्या हव्या होत्या.

"सासूबाई, तुम्ही! तुम्ही घ्या नाव!"

आत्या लाजल्या. खरं तर त्यांनी मामंजींचं नाव कधीच उच्चारलं नव्हतं. लग्नात नाव घ्यायची पाळी आली तेव्हा त्या रडायलाच लागल्या होत्या आणि पुढे ते राहूनच गेलं. घरात त्या 'धनी' म्हणायच्या, नाहीतर 'पोरांचे बा'. ते नाव एका देवाचंही होतं, म्हणून देवळात गेल्या तरी त्या 'द्येवा' एवढंच म्हणायच्या.

"आता या वयात व्हय?" त्या म्हणाल्या.

"मग कधी? मुकुट घातलाय ना?"

आत्यांनी मुकुट सावरला. डोळे मिटले. आणि हळू बोलायची सवय नसल्यामुळे, बांधावरून बोलावं तशा खणखणीत आवाजात त्या म्हणाल्या,

"चाकणच्या बाजारात कांद्याची रास,
अमक्या रावांना माज्या हातच्या भाकरीची आस!"

'अमक्या' मी इथे लिहिते आहे. त्यांनी नाव घेतलं, पूर्ण, जोरात.

आणि ओट्याच्या टोकाकडून उत्तर आलं, "ओऽऽ! आलो, आलो! काय झालं?"

बाहेर धावत्या पायांचा आवाज आला, काहीतरी धपकन आपटलं आणि दारात मामंजी उभे राहिले. डोक्यावर टोपी तिरकी झालेली, एका हातात पोतं, दम लागलेला. आदल्या दिवशीची गाडी त्यांना मिळालीच नव्हती. आत्ता कुठे ते पोचले होते आणि नळापाशी कोणती खोली म्हणून विचारत होते, तोच कोणीतरी त्यांच्या नावाने हाक मारली होती.

"कोन हाक मारतंय?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांच्या तोंडावर पदर होते. मामंजींची नजर माझ्यावरून गेली, नणंदेवर गेली आणि पाटावर बसलेल्या दुसऱ्या बाईवर येऊन थांबली. काळी साडी, पांढरा मुकुट, नथ, लाल नखं.

"आन् ही पाव्हनी कोन?"

आत्यांनी चटकन पदर ओढायला हात नेला. पदर मुकुटाच्या काट्यांत अडकला, मुकुट एका कानावर आला आणि खालचा ओळखीचा चेहरा मामंजींना दिसला.

"आगं, तू हायेस व्हय!" मामंजी म्हणाले. त्यांनी पोतं खाली ठेवलं. "कुनाचं लगीन हाय?"

मग जो हशा उसळला तो थांबेना. काकू भिंतीला टेकल्या. मराठवाड्याच्या ताईंचं हळदीकुंकवाचं तबक डगमगलं. मी इतकी हसले की माझ्या हाराचा दोरा तुटला आणि दाणे सगळ्यांच्या पायांखालून गेले. सगळ्यात जास्त आत्या हसत होत्या, दोन्ही हातांनी मुकुट धरून, खांदे हलवत.

"तुम्हीपण नाव घ्या आता," काकू मामंजींना म्हणाल्या. "त्यांनी घेतलंय. सुटका नाही."

मामंजींना पळून जायचं होतं, पण दारात आणखी बायका जमल्या होत्या. त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. यमक वगैरे त्यांना सुचणार नव्हतं. त्यांनी आत्यांकडे पाहिलं आणि नुसतं त्यांचं नाव घेतलं. एवढंच. रानात दुपारी भाकरी खायला बोलवावं तसं. आणि लालबुंद होऊन ते पाय धुवायला नळाकडे निघून गेले.

बायका गेल्यावर ते आत आले तेव्हा आत्यांनी दागिने उतरवले नव्हते. मामंजी लांबून बघत बसले.

"ह्ये खायाचं का बगायचं?" त्यांनी विचारलं.

"साखर हाय ती," आत्या म्हणाल्या. बाजूबंदाचा एक दाणा सोडवून त्यांनी मामंजींच्या हातावर ठेवला.

"मी केलाय," त्या म्हणाल्या.

मामंजींनी तो तोंडात टाकला. दाढेखाली फोडला नाही, चघळत राहिले. "ग्वाड हाय," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "आनखी एक दे." ताटं वाढेपर्यंत त्या दंडावर नुसता सोनेरी पुठ्ठा उरला होता.

चार दिवसांनी ती दोघं गावी निघाली. आम्ही त्यांना एस. टी.त बसवायला गेलो. आत्यांना खिडकीची जागा मिळाली होती, पण गाडी हलेपर्यंत त्या वरचा दांडा दोन्ही हातांनी धरून उभ्याच होत्या. कंडक्टर म्हणाला, "मावशी, बसा की." त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, मला हितंच बरं हाय." गाडीतल्या साऱ्या बाया त्यांच्या नखांकडे बघत होत्या.

पुढच्या वर्षी पौष लागताच त्यांनी गावात अंगणात शेगडी मांडली. शेजारच्या घरात नवी सून आली होती आणि आत्यांनी परस्पर जाहीर करून टाकलं होतं की तिचे दागिने आपण करणार. आम्ही सगळे संक्रांतीला गावी गेलो. नणंदेने रात्रंदिवस खपून मुकुट केला, नथ केली. हळदीकुंकवासाठी साऱ्या गावातल्या बायका जमल्या. नवरीला बाहेर आणायची वेळ झाली आणि आत गेलेली नणंद हात हलवत परत आली.

"आई, नथ नाहीये!"

शोधाशोध सुरू झाली. फडताळ पाहिलं, पाटाखाली पाहिलं, पोरांचे खिसे उलटे केले. शेवटी आत्यांनी नवरीची हनुवटी धरून तिचा चेहरा वर केला. ती अठरा वर्षांची पोरगी मान खाली घालून, ओठ घट्ट मिटून बसली होती. तिच्या एका गालाला जरासा फुगवटा होता आणि मांडीवर तांब्याची रिकामी तार होती.

"सकाळपासून काई खाल्लं न्हवतं," ती कशीबशी म्हणाली.

आत्यांनी पदराच्या टोकाने तिच्या ओठांवरची साखर पुसली, मला भाकरी आणायला पाठवलं आणि बाहेरच्या बायकांना ओरडून सांगितलं, "थांबा गं जरा! नवरी जेवतीया!"